स्वस्त गिअरच्या सायकलचा शॉकअप: तक्रारी काय असतात आणि त्यांमागे नेमके काय घडते

सोलापुरात गिअरची सायकल पाहायला गेलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार बहुतेक वेळा एकच प्रयोग करून दाखवतो. पुढचा ब्रेक दाबून तो हँडलवर अंगाचा भार टाकतो, पुढचा चिमटा, म्हणजे पुढचे चाक धरणारा शॉकअप, दोन बोटे खाली जातो, हात सैल केला की वर येतो, आणि गिऱ्हाइकाला वाटते की आता खड्ड्यांची काळजी मिटली. या प्रयोगातून एवढेच सिद्ध होते की चिमट्यात स्प्रिंग आहे. ती स्प्रिंग आपल्या वजनाला योग्य आहे का, दबलेली स्प्रिंग परत उसळताना तिला आवरणारे काही आत बसवले आहे का, आणि आतल्या नळ्या बाहेरच्या नळ्यांत किती सहज सरकतात, हे तीन प्रश्न दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर सुटत नाहीत. स्वस्त शॉकअपबद्दल पुढे ज्या तक्रारी ऐकू येतात, त्या जवळजवळ सगळ्या या तीन प्रश्नांपैकी एखाद्यातून निघालेल्या असतात.

येथे स्वस्त म्हणजे साधारण दहा ते तीस हजार रुपयांच्या सायकलींवर कारखान्यातूनच बसवून येणारा सस्पेन्शन फोर्क. त्यातल्या खालच्या टोकाला नाव नसलेले किंवा अनोळखी नावाचे चिमटे असतात आणि वरच्या टोकाला एसआर सनटूर कंपनीच्या एक्ससीटी, एक्ससीएम यांसारख्या मालिका दिसतात. या सगळ्यांचा प्रवास, म्हणजे चिमटा जास्तीत जास्त दबू शकतो ते अंतर, बहुधा ८० ते १०० मिलिमीटर असतो आणि वजन अडीच किलोच्या आसपास भरते.

पहाटे हिप्परगा तलावाकडे जाणारे, रविवारी तुळजापूरचा घाट चढणारे, विजापूर रस्त्याने रोज कामावर जाणारे आणि शेताच्या पाणंद रस्त्याने सायकल नेणारे अशा चौघांना विचारले तर उत्तरे वेगवेगळी येतात. पहिला सांगतो की मुरमाच्या रस्त्यावर हाताला मुंग्या येतात, चिमटा हलतच नाही. दुसरा म्हणतो की घाटात उभे राहून पायडल मारताना सायकल डुलते आणि निम्मा जोर वाया जातो. तिसऱ्याची तक्रार अशी की खड्डा पार झाल्यावर पुढचे चाक उडी मारते आणि जोरात ब्रेक दाबला की हँडल खाली बसते. चौथ्याच्या चिमट्यातून वर्षभरातच खडखड आवाज येऊ लागलेला असतो. चौघांचेही म्हणणे खरे आहे, पण चौघांचा दोष एकाच भागात नाही, आणि म्हणून चौघांसाठी उपायही एक असू शकत नाही.

नळीत नळी

चिमट्याची रचना मुळात साधी आहे. हँडलला जोडलेल्या दांड्याच्या खाली एक आडवा भाग असतो, त्यातून दोन चकचकीत नळ्या खाली येतात आणि त्या बाहेरच्या दोन जाड पायांत सरकतात. चाकाचा आस या पायांच्या टोकाला बसतो. पायांच्या आत, आतली नळी ज्यावर टेकून सरकते अशा दोन-दोन कड्या असतात, त्यांना बुशिंग म्हणतात. पायांच्या तोंडाशी रबरी सील असते, जी धूळ आणि पाणी बाहेर ठेवते. एका बाजूच्या नळीत किंवा दोन्हींत स्प्रिंग असते. महाग चिमट्यात एका बाजूला स्प्रिंग किंवा दाबलेली हवा आणि दुसऱ्या बाजूला तेलाचा डॅम्पर, म्हणजे उसळी आवरणारा भाग, अशी कामाची स्पष्ट वाटणी असते. स्वस्त चिमट्यात ही दुसरी बाजू अनेकदा जवळजवळ रिकामी असते, किंवा तिथे चिमटा दबू नये म्हणून तो लॉक करण्याची (लॉकआउटची) फक्त एक यांत्रिक खुंटी असते. बाहेरून पाहताना दोन्ही पाय सारखेच दिसत असल्याने हे गिऱ्हाइकाच्या लक्षात येत नाही.

आता मुंग्यांची तक्रार घेऊ, कारण सोलापूरच्या परिसरात तीच सर्वांत जास्त ऐकू येते आणि तिचे कारण सर्वांत कमी लोकांना ठाऊक असते. आपल्याकडे दगडी कडे, झाडांची मुळे, उतारावरच्या उड्या असे डोंगरी सायकलिंगचे चित्र नाही. आपल्याकडे आहे तो सपाट माळ, उघडी पडलेली खडी, डांबर उखडलेला पट्टा, ऊस वाहणाऱ्या ट्रॉलींनी पाडलेल्या चाकोऱ्या आणि पावसाळ्यानंतर वाळून दगड झालेली काळी माती. या रस्त्यांवर एकच मोठा धक्का बसत नाही. बोटभर उंचीचे शेकडो लहान धक्के एकामागून एक बसत राहतात.

कोणताही चिमटा दबायला सुरुवात होण्याआधी नळी, बुशिंग आणि सील यांच्यातले घर्षण मोडावे लागते. स्थिर वस्तू हलवायला लागणारे बळ ती हलती ठेवायला लागणाऱ्या बळापेक्षा जास्त असते, हे शाळेत शिकलेले तत्त्व येथे थेट लागू होते. समजा हे घर्षण मोडायला दहा किलोचा जोर लागतो, तर सात-आठ किलोचा धक्का देणारा खडा चिमट्याला हलवूच शकत नाही. तो धक्का जसाच्या तसा हँडलमध्ये आणि तिथून मनगटात जातो. महाग चिमट्यांत नळ्यांचा पृष्ठभाग, बुशिंगचे माप आणि सीलचे रबर यांवर खर्च केलेला असतो, तो मुख्यतः हे सुरुवातीचे घर्षण कमी करण्यासाठी. स्वस्त चिमट्यात हा खर्च वाचवलेला असतो, कारण तो दिसत नाही. परिणामी असा चिमटा मोठ्या खड्ड्यात व्यवस्थित दबतो आणि खडीवर मात्र ठप्प राहतो, म्हणजे आपल्या रस्त्यांना ज्या गुणाची सर्वांत जास्त गरज आहे नेमका तोच त्यात सर्वांत कमी असतो.

पुष्कळ चिमट्यांमध्ये या घर्षणाचा एक हिस्सा मुळातला नसून दुर्लक्षाने वाढलेला असतो, आणि तो कमी करता येतो. कारखान्यात घातलेले ग्रीस बेताचेच असते, आणि आपल्याकडच्या धुळीत ते लवकर काळे आणि चिकट होते. अनेक स्वस्त चिमट्यांत पायांच्या खालच्या टोकाचे दोन नट किंवा बोल्ट काढले की दोन्ही पाय खाली ओढून बाहेर येतात. आतले जुने ग्रीस कापडाने पुसावे, बुशिंग आणि सील स्वच्छ करावे, सस्पेन्शनसाठी मिळणारे पातळसर ग्रीस बोटाने आतपर्यंत लावावे आणि जसे काढले तसे बसवावे. बेअरिंगमध्ये भरतो ते जाड ग्रीस येथे नको, ते स्वतःच सरकण्याला अडवते. ज्या चिमट्यात तेल किंवा हवा आहे तो मात्र माहितीपत्रक वाचल्याशिवाय उघडू नये, आणि हवेचा असेल तर आधी हवा पूर्ण सोडावी. उत्पादकांच्या सूचनांमध्ये ही साधी सफाई सुमारे ५० तासांच्या वापरानंतर सुचवलेली आढळते. रोज तासभर चालवणाऱ्याला हे दोन महिन्यांतच लागू होते, आणि प्रत्यक्षात मात्र बहुतेक चिमटे सायकल विकली जाईपर्यंत एकदाही उघडले जात नाहीत. ‘शॉकअप कडक झाला’ म्हणून नवा शोधणाऱ्याने आधी हे करून पाहावे.

प्रीलोडची चकती

आता स्प्रिंग. चिमट्याच्या डाव्या टोकावर बहुधा एक फिरणारी चकती असते आणि तिच्यावर अधिक व उणे अशा खुणा असतात. सर्वसाधारण समज असा की ही चकती फिरवली की स्प्रिंग कडक किंवा मऊ होते. तसे होत नाही, आणि हे एका हिशेबाने स्पष्ट होते.

समजा, चालवणाऱ्याचे वजन ७० किलो आहे, सायकलचे १५ किलो आहे, म्हणजे एकूण ८५ किलो. सीटवर बसलेले असताना त्यातला साधारण ४० टक्के, म्हणजे ३४ किलो भार पुढच्या चाकावर येतो. समजा चिमट्यातली स्प्रिंग अशी आहे की ती एक मिलिमीटर दाबायला एक किलोचा भार लागतो, आणि चिमट्याचा प्रवास १०० मिलिमीटर आहे. घर्षण सोडून दिले, तर माणूस नुसता बसला की चिमटा ३४ मिलिमीटर खाली जाईल. या बसल्याजागीच्या दबण्याला सॅग म्हणतात. आता चकती फिरवून स्प्रिंग आधीच १० मिलिमीटर दाबून ठेवली, तर पहिले दहा किलो ती आधीच पेलून बसलेली असल्यामुळे सॅग २४ मिलिमीटरवर येईल. पण त्यानंतर खड्ड्यात ३० किलोचा जादा धक्का बसला तर? दोन्ही वेळी चिमटा आणखी ३० मिलिमीटरच दबेल, कारण स्प्रिंग तीच आहे. प्रीलोडने, म्हणजे असे आधीच दाबून ठेवल्याने, फक्त कुठून सुरुवात करायची ते बदलते, आणि चिमटा तळाला आपटायला १०० ऐवजी ११० किलो लागतात एवढा फरक पडतो.

सामान्य वापरासाठी सॅग प्रवासाच्या १५ ते २५ टक्के असावा असे धरले जाते, म्हणजे १०० मिलिमीटरच्या चिमट्याला १५ ते २५ मिलिमीटर. तो शून्य असणे चांगले नाही. चाक खड्ड्यात उतरते तेव्हा चिमट्याला खाली लांबण्यासाठी जागा लागते, आणि ती जागा सॅगमुळेच मिळते. वरच्या उदाहरणातल्याच स्प्रिंगवर ५० किलोची विद्यार्थिनी बसली तर प्रीलोडसह सॅग सुमारे १६ मिलिमीटर येतो, आणि ९० किलोचा माणूस बसला तर ३२. एकाच कारखान्यातून, एकाच स्प्रिंगसह निघालेली सायकल दोघांना विकली जाते आणि मग एक म्हणते की शॉकअप कडक आहे, दुसरा म्हणतो की तो मऊ आहे. काही उत्पादक कमीअधिक ताठरतेच्या स्प्रिंग वेगळ्या देतात. दुकानात सहसा त्या ठेवलेल्या नसतात, मागवाव्या लागतात, पण वजन सरासरीपेक्षा बरेच वेगळे असेल तर नव्या चिमट्यापेक्षा नवी स्प्रिंग स्वस्त आणि जास्त उपयोगी ठरते.

सॅग मोजायला खास साधन लागत नाही. आतल्या नळीला प्लॅस्टिकची एक पातळ केबल टाय सीलला टेकून बांधावी, भिंतीचा आधार घेऊन नेहमीच्या कपड्यांत, नेहमीच्या पिशवीसह सीटवर बसावे, हिसका न देता उतरावे आणि टाय सीलपासून किती वर गेली ते मोजपट्टीने पाहावे. मोजून झाल्यावर टाय कापून काढावी, नाहीतर नळीवर चरे पडतात.

उसळी कोण आवरणार

स्प्रिंग धक्का खाऊन टाकत नाही, हे लक्षात घेतल्याशिवाय बाकीचे कळणार नाही. ती धक्क्यातली शक्ती साठवते आणि क्षणात जवळजवळ तितकीच परत देते. ही परतीची शक्ती उष्णतेत बदलून संपवण्याचे काम डॅम्परचे. बँकेच्या किंवा दवाखान्याच्या काचेच्या दाराला वर जी पेटी बसवलेली असते, तिच्यात नेमकी हीच जोडी असते: स्प्रिंग दार ओढते आणि तेल बारीक छिद्रातून जाताना तिला आवरते, म्हणून दार आपटत नाही. त्या पेटीतले तेल गळून गेले की दार कसे धाडकन बंद होते ते सर्वांनी पाहिले आहे, आणि डॅम्पर नसलेला चिमटा खड्ड्यानंतर तसाच उसळतो.

या उसळीने केवळ आराम कमी होत नाही. चिमटा झपाट्याने लांबतो तेव्हा तो हँडल वर फेकतो, चाकावरचा भार क्षणभर हलका होतो, आणि त्याच क्षणी ब्रेक दाबलेला असेल किंवा वळण असेल तर टायरची पकड सुटते. वळणावर पसरलेली खडी ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट असल्यामुळे हा प्रश्न पुस्तकी नाही.

डोंगरी सायकलला सस्पेन्शनचा चिमटा देण्याचा पहिला मोठा व्यावसायिक प्रयत्न अमेरिकेत पॉल टर्नर यांनी केला. त्यांच्या रॉकशॉक्स कंपनीचा आरएस-१ हा चिमटा १९८९ मध्ये बाजारात आला आणि त्यात हवेची स्प्रिंग आणि तेलाचा डॅम्पर दोन्ही होते. १९९० मध्ये अमेरिकेतल्या डुरँगो येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत ग्रेग हर्बोल्ड यांनी उतारावरची शर्यत रॉकशॉक्सच्याच चिमट्यावर जिंकली आणि त्यानंतर सस्पेन्शनबद्दलच्या शंका झपाट्याने मावळल्या. त्याच सुमारास डग ब्रॅडबरी यांच्या मॅनिटू चिमट्याने तेल टाळून रबरासारख्या इलॅस्टोमरचे ठोकळे वापरण्याचा मार्ग लोकप्रिय केला. इलॅस्टोमर दबताना स्वतःच थोडी शक्ती गिळतो, म्हणून वेगळ्या डॅम्परशिवाय काम भागते, आणि तेल गळण्याचा प्रश्नही उरत नाही. आजच्या अनेक स्वस्त चिमट्यांत लोखंडी स्प्रिंगच्या आत किंवा जोडीला असा एक ठोकळा असतो, तो या परंपरेतला. बाकीचे आवरण्याचे काम घर्षणावर सोडलेले असते. म्हणजे ज्या घर्षणामुळे खडीवर मुंग्या येतात, तेच घर्षण खड्ड्यानंतर थोडीफार उसळी रोखते. ग्रीस बदलल्यावर चिमटा मऊ चालू लागतो पण उसळी वाढल्यासारखी वाटते, असा अनुभव सांगणारे लोक त्यामुळे चुकीचे बोलत नसतात. किफायतशीर श्रेणीत जो पुढचा टप्पा येतो, उदाहरणार्थ सनटूरच्या एक्ससीआर मालिकेतले तेलाच्या लॉकआउटचे किंवा हवेचे प्रकार, अथवा रॉकशॉक्सची जुडी मालिका, त्यात खरा फरक पैशांच्या मानाने येथेच जाणवतो. चिमट्याच्या खालच्या टोकाशी परतीचा वेग कमीजास्त करणारी लहान खुंटी असेल, तर आत तेलाचा डॅम्पर आहे असे साधारणपणे समजावे; ती नसेल आणि माहितीपत्रकात डॅम्परचा उल्लेखही नसेल, तर तो नसल्याचे धरून चालावे.

ब्रेक दाबल्यावर हँडल खाली बसण्याचे कारण याच हिशेबात आहे. जोरात ब्रेक लावला की भार पुढे सरकतो. ८५ किलोपैकी ७५ टक्के जरी पुढे आला तरी ६४ किलो होतात आणि आपल्या उदाहरणातला चिमटा २४ वरून थेट ५४ मिलिमीटरवर जातो, अर्ध्याहून अधिक प्रवास खड्डा येण्याआधीच संपतो. हे काही प्रमाणात प्रत्येक चिमट्यात होते. डॅम्पर असेल तर ते सावकाश होते. नसेल तर खड्ड्याच्या आधी वेग कमी करून खड्ड्यात ब्रेक सोडणे एवढेच हातात राहते, आणि ती सवय कोणत्याही चिमट्यावर उपयोगी आहे.

खडखड, गंज आणि ऊन

वर्षभराने येणारी खडखड दोन ठिकाणांहून येऊ शकते आणि दोन्हींचा उपाय पूर्णपणे वेगळा आहे. पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल पुढेमागे हलवावी. एकदा दांड्याच्या वरच्या-खालच्या बेअरिंगपाशी, म्हणजे हेडसेटपाशी, बोट ठेवावे आणि एकदा सीलपाशी, जिथे आतली नळी बाहेरच्या नळीत शिरते तिथे. हेडसेटपाशी हालचाल जाणवली तर वरचा बोल्ट योग्य तेवढा कसून पाच मिनिटांत काम होते. सीलपाशी जाणवली तर बुशिंग झिजलेले आहेत, आणि स्वस्त चिमट्यात बुशिंग बदलण्याचा खर्च बहुधा चिमट्याच्या किमतीला परवडत नाही. किंचित हालचाल नव्या स्वस्त चिमट्यातही असते. ती वाढत चालली आहे का हे पाहणे महत्त्वाचे. डिस्क ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे तबकडी पकडणारा भाग, एकाच पायावर बसलेला असल्यामुळे ब्रेक लावताना दोन पाय वेगवेगळ्या प्रमाणात ओढले जातात, आणि २८ मिलिमीटर व्यासाच्या बारीक नळ्यांवर हे पीळ जास्त जाणवते. भिंतीची जाडी सारखी धरली तर नळीचा वाकण्याला होणारा विरोध साधारण व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ३२ मिलिमीटरची नळी २८ च्या सुमारे दीडपट ताठ ठरते. चार मिलिमीटर डोळ्याला दिसत नाहीत, हाताला कळतात.

झीज लवकर होण्यास आपली माती आणि आपली धुण्याची पद्धत दोन्ही जबाबदार आहेत. काळी माती ओली असताना टायर आणि चिमट्याची कमान यांच्यामध्ये गच्च बसते आणि तिथून ती सीलवर येते. वाळली की तिची बारीक भुकटी सीलच्या कडेखाली शिरून नळी घासत राहते. स्वस्त चिमट्यांच्या आतल्या नळ्या बहुधा क्रोम चढवलेल्या पोलादाच्या असतात; क्रोमला चरा पडला की तिथे गंजाचा ठिपका येतो, आणि तो ठिपका प्रत्येक दबण्याबरोबर सील फाडत जातो. रस्त्याकडेच्या वॉशिंग सेंटरमध्ये मोटारसायकलबरोबर सायकलवरही जोरदार पाण्याचा झोत मारून घेणे हा यातला सर्वांत वाईट प्रकार आहे, कारण तो झोत पाणी आणि माती दोन्ही सीलच्या आत ढकलतो. बादली, मऊ कापड आणि नळीवरून एक हलका हात एवढे पुरते. साखळीवर मारायचा गंज सोडवणारा फवारा नळ्यांवर मारू नये. तो आतले ग्रीस धुऊन काढतो आणि दोन दिवस चिमटा छान चालल्याचा आभास देतो.

उन्हाचा परिणाम हवेच्या चिमट्यावर सहज मोजता येतो. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, पहाटे १५ अंश तापमानात कोणी चिमट्यात ८० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा भरली आणि पुढे पंप हातात घेतलाच नाही, असे समजू. गळती शून्य धरली, तर मे महिन्यातल्या ४२ अंशांच्या दुपारी तीच हवा साधारण ८९ पीएसआय दाखवेल, कारण बंद जागेतल्या वायूचा निरपेक्ष दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. ज्यांनी थंडीत सॅग नीट लावला त्यांना उन्हाळ्यात चिमटा कडक का वाटतो याचे उत्तर येथे आहे. इलॅस्टोमरचे उलटे असते, तो उष्णतेने मऊ आणि थंडीने ताठ होतो, आणि बरीच वर्षे झाली की तुकडे पडून चुरा होतो. जुनी सायकल विकत घेताना चिमटा दाबल्यावर तो सावकाश, अर्धवटच वर आला तर आत हे घडलेले असण्याची शक्यता धरावी.

लॉकआउट आणि टायरची हवा

तुळजापूरच्या घाटातल्या डुलण्यावर उपाय म्हणून उजव्या टोकाला लॉकआउटची कळ दिलेली असते. चढावर, गुळगुळीत डांबरावर ती लावावी आणि उतार सुरू होण्याआधी आठवणीने काढावी. महाग चिमट्यात लॉक असतानाही मोठा धक्का बसल्यास तेलाला सुटायला वाट ठेवलेली असते. स्वस्त यांत्रिक लॉकमध्ये तशी वाट बहुधा नसते, त्यामुळे लॉक केलेल्या चिमट्याने खड्डा घेतला तर सगळा भार त्या लहान खुंटीवर येतो आणि ती तुटते. तुटल्यावर चिमटा चालतो, लॉक तेवढे होत नाही. अनेकांच्या सायकलींची हीच अवस्था असते आणि ते त्यात समाधानीही असतात.

खडीवरच्या मुंग्यांवर सर्वांत परिणामकारक उपाय चिमट्यात नाहीच, तो टायरमध्ये आहे. टायरला सुरुवातीचे घर्षण मोडावे लागत नाही. बोटभर खडा टायर अंगात घेतो आणि चाक वर उचलावे लागत नाही. पंक्चरच्या दुकानात मात्र अंगठ्याने दाबून दगडासारखे लागेपर्यंत हवा भरण्याची पद्धत आहे, आणि त्यामुळे सव्वादोन इंची रुंद टायर घेऊनही त्याचा फायदा मिळत नाही. सत्तर किलोच्या माणसाला एवढ्या रुंदीच्या टायरमध्ये पुढे ३० आणि मागे ३५ पीएसआयच्या आसपास हवा खडीच्या रस्त्याला पुरते. टायरच्या कडेला किमान दाब छापलेला असेल तर त्याखाली जाऊ नये, आणि फार कमी हवेने खड्ड्याच्या धारेवर ट्यूब रिममध्ये चिरडते हे ध्यानात ठेवावे. वेड्या बाभळीचा काटा मात्र जास्त हवा आणि कमी हवा असा भेद करत नाही. दाब दाखवणारा पायपंप ही माझ्या मते स्वस्त सायकलच्या मालकाने चिमट्याआधी करावी अशी खरेदी आहे.

बदलायचाच असेल तर

पंधरा हजारांच्या सायकलवर तिच्या निम्म्याहून अधिक किमतीचा हवेचा चिमटा बसवणे क्वचितच शहाणपणाचे असते. तेवढ्याच पैशांची भर घालून पुढच्या श्रेणीची सायकल घेतली तर चिमट्याबरोबर चाके, ब्रेक आणि गिअरही बरे मिळतात. सांगाडा चांगला असेल आणि बदल करायचाच असेल, तर आधी मापे घ्यावीत. जुन्या आणि स्वस्त सांगाड्यांत चिमट्याचा दांडा वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचा, २८.६ मिलिमीटरचा असतो. खाली जाड होत जाणारा नव्या पद्धतीचा दांडा त्यात शिरत नाही. चाकाचा आस ९ मिलिमीटरचा की १५ चा, चाक २६, २७.५ की २९ इंची, ब्रेक डिस्कचा की रिमचा, हे जुळले नाही तर चिमट्यापाठोपाठ चाकही बदलावे लागते. जास्त प्रवास म्हणजे जास्त चांगले, या समजापोटी ८० च्या जागी १२० मिलिमीटरचा चिमटा घालू नये. चिमटा २० मिलिमीटर लांब झाला की पुढच्या दांड्याचा कोन सुमारे एका अंशाने मागे झुकतो, हँडल सुस्त होते आणि सांगाड्याच्या पुढच्या जोडावर ज्यासाठी तो बनवला नव्हता असा ताण येतो. आणि आठ-दहा हजारांच्या सायकलला पुढे वर-खाली दोन आडवे भाग असलेला दुहेरी चिमटा आणि मागेही शॉकअप दिसला तर ते वजन आणि सांधे वाढवणारे अलंकार आहेत एवढेच समजावे.

ज्यांची सायकल डांबर सोडून फारशी खाली उतरत नाही, जे अक्कलकोट किंवा पंढरपूरपर्यंत महामार्गाने जातात किंवा रोज जुळे सोलापूर ते स्टेशन एवढेच अंतर कापतात, त्यांनी शॉकअप काढून साधा, न दबणारा पोलादी चिमटा बसवण्याचा विचार अवश्य करावा, आणि माझे मत विचाराल तर यातल्या बहुतेकांनी तो बसवावाच. वजन एक ते दीड किलोने उतरते, चढावर डुलणे थांबते, सील आणि ग्रीसची देखभाल संपते, आणि खडीचा धक्का योग्य हवेचे रुंद टायर बऱ्याच अंशी घेतात. पाणंद रस्त्याने रोज जाणाऱ्याने आणि मनगटाचा त्रास असणाऱ्याने मात्र हे करू नये. असा चिमटा मागवताना आसापासून वरच्या आडव्या भागापर्यंतची लांबी पाहावी: १०० मिलिमीटर प्रवासाच्या शॉकअपच्या जागी तो रिकाम्या शॉकअपपेक्षा सुमारे २० मिलिमीटरने आखूड हवा, कारण माणूस बसल्यावर शॉकअप तेवढा दबतच होता, आणि सांगाड्याचे कोन त्याच स्थितीसाठी आखलेले असतात.